रबरं पिवळी झाली, मग हाडाचं काय? सांगलीची हळद आणि सरकणारे दात

हे बघा, जरा जवळून बघा. भाचीचे दात, त्यावर तार, आणि तार धरून ठेवणारी ही बारीक बारीक रबरं. लावली तेव्हा काचेसारखी पांढरी होती, आठ दिवसात पिवळीजर्द. सांगलीतलं घर आहे, आमटीत हळद पडणारच. डॉक्टर म्हणाले पुढच्या वेळी राखाडी टाकू. पण परवा तार टाइट केल्यावर दात ठणकायला लागले आणि आजीनं गुडघ्यासाठी आणलेल्या हळदीच्या कॅप्सूल तिला द्यायला काढल्या, तेव्हा मी म्हटलं थांबा, आधी विचारूया.

का विचारायचं ते सांगतो. दात मातीत रोवलेल्या काठीसारखा नुसता ओढून सरकत नाही. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम 0.2 मिलिमीटरचा पडदा असतो. दात जिकडं न्यायचाय तिकडं तो पडदा दाबला जातो, तिथं हाड खाणाऱ्या पेशी तयार होतात, ऑस्टिओक्लास्ट म्हणतात त्यांना, त्या हाड विरघळवतात तेव्हा कुठं दाताला वाट मिळते, आणि मागच्या बाजूला पडदा ताणला जातो तिथं ऑस्टिओब्लास्ट पेशी नवीन हाड भरत येतात. पुढं खोदाई, मागं भराव. महिन्याला साधारण 1 मिलिमीटर. म्हणून तर दीड-दोन वर्षं तार तोंडात राहते.

आता मार्केट यार्डात चला. सौदे चालू असतात तेव्हा इथली हवाच पिवळी असते, अंगावरचा शर्ट घरी गेल्यावर वेगळा धुवावा लागतो. सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. हे हळकुंड मोडून दाखवतो, बाहेरून धुळकट, आत बघा कसलं नारंगी. तो रंग म्हणजे कर्क्युमिन, हळदीत साधारण 3 ते 5 टक्के.

ऑस्टिओक्लास्ट तयार व्हायला रँकल नावाच्या प्रोटीनचा निरोप लागतो, तो पेशीत पोचला की एनएफ कप्पा बी नावाचा स्विच चालू होतो. कर्क्युमिन नेमका हाच स्विच दाबून धरतं, लॅबमधल्या पेशींवर हे दिसलंय. म्हणजे खोदाई मंद. चांगलं की वाईट? ते कोणत्या वेळी यावर अवलंबून आहे, आणि मला या सगळ्यात हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दात सरकवायचाय तेव्हा खोदाई थांबली तर तारेचं कामच लांबतं. पण तशाच पेशी कधी कधी दाताचं मूळही कुरतडतात, टोक आखूड होतं, तिथं त्या आवरल्या तर बरंच. आणि तार काढल्यावर दात जुन्या जागी पळायला बघतात, तेव्हाही आवरलेल्या बऱ्या. द्राक्षातल्या रेझव्हेराट्रॉलवर पण असंच काम चालूय, म्हणजे तासगावकरांनी पण लक्ष द्यावं. हे बहुतेक उंदरांवरचं आहे बरं का, माणसाच्या तोंडातलं फार थोडं.

मग आमटी बंद करायची का? अजिबात नाही. स्वयंपाकातलं कर्क्युमिन रक्तात जवळजवळ पोचतच नाही. कॅप्सूलची गोष्ट वेगळी, त्यात बऱ्याचदा मिरीचं पिपेरिन घातलेलं असतं, आणि 1998 मध्ये बेंगळुरूच्या अभ्यासात 20 मिलिग्रॅम पिपेरिननं माणसांच्या रक्तात कर्क्युमिन 20 पट वाढलेलं दिसलं. दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन रोज घेऊ नका, पॅरासिटामॉल घ्या असं बरेच डॉक्टर सांगतात त्यामागं पण हाच हिशोब, सूज कमी करणारं औषध दात सरकायच्या कामात पण हात घालतं.

आमच्या डॉक्टरांनी कॅप्सूलची डबी हातात घेतली, मागचं लेबल वाचलं आणि सांगितलं, तार असेपर्यंत हिला नको. आजीनं लगेच डबी पिशवीत टाकली. भाचीला खुर्चीत बसवून पिवळी रबरं एकेक काढली, ट्रेमध्ये हळदीच्या कण्यांसारखी पडली होती.