एंडोमायकस: सालीखालचा लाल भुंगेरा आणि त्याचे कुळ

युरोपातील जंगलात मरून पडलेल्या बीच वृक्षाची सुटत आलेली साल उचलली, तर बुरशीने माखलेल्या लाकडावर चार ते सहा मिलिमीटर लांबीचे एंडोमायकस हे लाल भुंगेरे दिसतात. पाठीवर चार काळे ठिपके असल्यामुळे प्रथमदर्शनी हा ढालकिडाच (लेडीबर्ड) वाटतो. मात्र ढालकिड्याच्या मिशा आखूड असतात. याच्या चांगल्या लांब आहेत, आणि मावा खाण्याऐवजी हा बुरशीवर जगतो.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये या जातीचे वर्णन केले, तेव्हा तिला पानभुंगेऱ्यांच्या क्रिसोमेला या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) घातले. त्या काळी ही प्रजाती म्हणजे नाना प्रकारच्या गोलसर, रंगीत भुंगेऱ्यांची मोठी पेटीच होती. पुढे 1795 मध्ये कीटकतज्ज्ञ पांझरने एंडोमायकस ही स्वतंत्र प्रजाती स्थापली. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ अगदी आतल्या भागात दडलेला असा होतो, आणि सालीखाली राहणाऱ्या कीटकाला याहून चपखल नाव सुचणे कठीण होते. प्राणिशास्त्रज्ञ लीचने 1815 मध्ये याच प्रजातीवरून एंडोमायकिडी हे कुळ उभे केले.

या कुळाचे नातेवाईक ओळखण्याचा धागा पायाच्या टोकाशी सापडला. पावलाला खरे तर चार सांधे असतात, पण तिसरा इतका बारीक असतो आणि दुसऱ्याच्या पसरट पाकळ्यांमध्ये असा लपतो की मोजणाऱ्याला तीनच दिसतात. ढालकिड्यांचे पाऊलही असेच असते. म्हणून पावलाच्या सांध्यांवरून भुंगेऱ्यांची विभागणी करणाऱ्या फ्रेंच कीटकतज्ज्ञ लात्रेइने दोघांना त्रिमेरा (तीन सांध्यांचे) या एकाच गटात बसवले. मोजणी चुकीची होती, तरी दोघांना जवळ ठेवण्याचा निर्णय मात्र टिकला.

कारण 2015 मध्ये अनेक जनुकांची तुलना करून कुकुजॉइडिया या अवाढव्य अधिकुळातून (अनेक कुळांच्या गटातून) कॉक्सिनेलॉइडिया हे नवे अधिकुळ वेगळे काढण्यात आले, आणि त्यात ढालकिडे व एंडोमायकस दोन्ही आले. त्याच अभ्यासात एंडोमायकिडी कुळ मूळ स्वरूपात टिकू शकले नाही; त्यातील काही उपकुळे बाहेर पडून मायसेटेइडी, अ‍ॅनामॉर्फिडी आणि युप्सिलोबिइडी ही स्वतंत्र कुळे झाली. एंडोमायकसला मात्र असे बाहेर पडता येत नाही. कुळाचे नावच तिच्यावरून पडले असल्यामुळे, उद्या त्याचे आणखी तुकडे झाले तरी एंडोमायकिडी हे नाव ती ज्या तुकड्यात असेल त्याच्याकडेच जाईल.