एकच पान, चार वाटा

मंडळी, नागपुरातली शिकणारी पोरं एक प्रश्न हमखास विचारतात: वेबपानाचा डेटा लोडरमध्ये (पान दाखवण्याआधी चालणारं फंक्शन) आणायचा की कंपोनंटमध्ये (पानाचा दिसणारा तुकडा)? फ्रेमवर्कच्या डॉक्युमेंटेशनमध्ये दोन्हींची उदाहरणं सापडतात, पण एकात कामांची यादी, दुसऱ्यात ब्लॉग. मग तुलना कशाची करणार? उदाहरण-प्रकल्प लिहायचे तर पान एकच ठेवा आणि डेटा आणायची पद्धत तेवढी बदला. आज रिॲक्ट राउटर ७ हे रिॲक्टवर वेब-ॲप बांधायचं फ्रेमवर्क घेऊन बोलतो.

पान आपल्या कळमना बाजाराच्या भावांचं घेऊ. आकडे खोटे चालतील. तीन गोष्टी दाखवायच्या: शेतमालाची यादी, निवडलेल्या मालाची आजची आवक आणि महिनाभराचे भाव. सर्व्हरवर त्यांना मुद्दाम २००, ५०० आणि १५०० मिलिसेकंदांचा उशीर लावा. हा उशीर नसला तर लोकलहोस्टवर, म्हणजे आपल्याच संगणकावर, चारही प्रकल्प सारखेच चपळ दिसतात आणि आपण उगाच खूश होतो. काटोलचा शेतकरी स्वस्तातल्या फोनवर पान उघडतो, तेव्हा खरं काय ते कळतं.

पहिला प्रकल्प युजइफेक्टचा, म्हणजे कंपोनंट पानावर आल्यावर डेटा मागवायचा. सर्व्हरकडून डेटाविना सांगाडा येतो, जावास्क्रिप्ट उतरते, चालते आणि मग कुठे पहिली विनंती सुटते. त्यात यादी आल्यावर आवकीचा कंपोनंट, आवक आल्यावर भावांचा, अशी रचना असली की २२०० मिलिसेकंद गेले. जावास्क्रिप्टचा वेळ वेगळाच. दुसरी गंमत पाहा. संत्र्यावर क्लिक केलं, लगेच मोसंबीवर केलं, आणि संत्र्याचं उत्तर मागून आलं. जुनी विनंती रद्द केली नसेल, तर मोसंबीच्या मथळ्याखाली संत्र्याचे भाव! हे हटकून दिसावं म्हणून संत्र्याच्या विनंतीला जास्तीचा उशीर लावा. चूक करून दाखवणारा भाग उदाहरणात असलाच पाहिजे. बहुतेक उदाहरणं इथेच फसवी होतात: सगळं सुरळीत चाललेलं दाखवतात आणि संपतात.

दुसरा लोडरचा. डेटा सर्व्हरवरच गोळा होतो आणि पान भरूनच येतं. पण लोडर वापरला म्हणजे काम झालं असं नाही. तीन अवेट (उत्तर येईपर्यंत थांबायला लावणारा शब्द) एकाखाली एक लिहिले तर इथेही २२००च लागतात. तिन्ही विनंत्या एकदम सोडून सगळ्यांची एकत्र वाट पाहणारं प्रॉमिस.ऑल लावलं की १५००. दोन्ही रूपं शेजारी ठेवा, कारण हा फरक फ्रेमवर्कने दिलेला नाही, तुमच्या मांडणीचा आहे.

तिसरा स्ट्रीमिंगचा, म्हणजे पान तुकड्यातुकड्यांनी पाठवायचं, आणि माझ्या मते सगळ्यात शिकवणारा. यादी आणि आवक यांच्यासाठी थांबायचं, भावांचं प्रॉमिस (अजून यायच्या उत्तराची हमी) मात्र तसंच परत द्यायचं आणि पानावर सस्पेन्स (उत्तर येईपर्यंत तात्पुरता मजकूर दाखवणारा कंपोनंट) लावायचा. यादी आणि आवक एकत्र मागवली तर ५०० मिलिसेकंदांनी पान दिसतं, भाव १५००ला येतात. पण हे कधी? भावांची विनंती अवेटच्या आधी सुटली असेल तर. ती ओळ अवेटखाली गेली की भावांना २००० लागतात. एक ओळ वर-खाली, अर्ध्या सेकंदाचा फरक!

आता भावांची सेवाच बंद पाडून बघा. तोवर २०० हा ‘सगळं ठीक’ सांगणारा स्टेटस कोड ब्राउझरकडे पोचलेला असतो. तो मागे घेऊन ५०० करता येत नाही, त्यामुळे चूक पानाच्या त्या तुकड्यातच सांभाळावी लागते. इथला ५०० म्हणजे एररचा कोड बरं का, मिलिसेकंद नव्हेत.

चौथ्या, क्लायंटलोडरच्या प्रकल्पाला फार वेळ देत नाही. हा लोडर ब्राउझरमध्येच चालतो. एकदा आणलेले भाव जपून ठेवून दुसऱ्या खेपेला लगेच दाखवायचे असतील तर कामाचा.

हे प्रकल्प कोण्या फ्रेमवर्कच्या कोड-भांडारात पाठवणार असाल, तर पुढे ते सांभाळणाऱ्याचाही विचार करा. खोटा डेटा आणि उशीर एकाच सामाईक फाइलमध्ये ठेवा, बाहेरच्या लायब्ररी जवळपास नकोत. आवृत्ती पक्की लिहा. २०२४ मध्ये नेक्स्ट १५ (रिॲक्टवरचंच दुसरं फ्रेमवर्क) आलं आणि सर्व्हरवरच्या फेचची (डेटा मागवणाऱ्या फंक्शनची) उत्तरं आपोआप कॅशे होणं, म्हणजे साठवली जाणं, बंद झालं. त्याआधीच्या कॅशेवर बेतलेली उदाहरणं नव्या आवृत्तीवर चालतात, एररही देत नाहीत. फक्त त्यांच्या रीडमीमध्ये (प्रकल्पाची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) लिहिलेलं आता खरं राहिलेलं नाही. म्हणून रीडमीमधला प्रत्येक आकडा तपासणारी एक टेस्ट जोडा, आवृत्ती बदलली की ती आधी बोंब मारेल.