सनदेच्या आधीची आणि नंतरची वर्षं

(तहसील कचेरी. सेतूची रांग.)

सकाळचे साडेदहा वाजत आलेत. सेतूची खिडकी अजून उघडलेली नाही, पण रांग पायऱ्या उतरून झाडापर्यंत गेली आहे. कुणाच्या हातात पीककर्जाची फाइल, कुणाच्या हातात प्रवेशाची. निळ्या ओढणीतली ही मुलगी धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यातून पहिल्या एसटीने आली आहे. कला शाखेतून बारावी झाली, पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी दिली, गुण बरे आलेत. घरात याआधी कुणी वकील झालेलं नाही. कोर्टाची पायरी चढले ते फक्त चुलते, तेही बांधाच्या भांडणात.

लॉ कॉलेज कसं निवडायचं, असं विचारलं की शहरातली मुलं रँकिंग सांगतात. ही मुलगी आधी दाखले मोजते. तिचा हिशेब आम्हाला जास्त पटला.

(फाइल उघडते. एकेक कागद.)

उत्पन्नाचा दाखला. डोमिसाईल. जातीचा दाखला. नॉन-क्रिमीलेअर. आणि सगळ्यांत अवघड, जात वैधता प्रमाणपत्र. इतर मागास प्रवर्गासाठी ते मिळवायचं, तर 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. मुलगी जन्मली या शतकात, पुरावा हवा आजोबांच्या काळातला.

तो इथे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं लोखंडी कपाट, आणि त्यात कापडात बांधलेली प्रवेश निर्गम रजिस्टरं. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे सुरुवातीची पानं उर्दूत आहेत. पुढे शाई बदलते, लिपी बदलते, आणि मराठी नावं लागतात. मुख्याध्यापक बोट फिरवत विचारतात, “आजोबा आडनाव काय लावायचे गं तवा?” मुलीला माहीत नाही. ती घरी फोन लावते. पलीकडून आजी सांगते, आडनाव कशाला, वडिलांच्याच नावानं ओळखायचे.

नोंद सापडते. आडनावाचा रकाना रिकामा आहे, जातीचा भरलेला आहे. आता त्या रिकाम्या रकान्यासाठी एक शपथपत्र करावं लागेल, त्याला वंशावळ जोडावी लागेल, आणि मग हे सगळं जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे जाईल. विधी शिक्षणाचा पहिला धडा म्हणून हे वाईट नाही: दस्तऐवज म्हणजे काय, तो कुणाच्या ताब्यात असतो, आणि त्यातली एक मोकळी जागा किती खर्चाची ठरते.

(सायबर कॅफे. संध्याकाळ. पडद्यावर ऑप्शन फॉर्म.)

हे सगळं कशासाठी, ते या पडद्यावर कळतं. महाराष्ट्रात विधी शिक्षणाची सरकारी मदत मुलाच्या गुणांना जेवढी चिकटलेली असते, त्याहून जास्त ती प्रवेशाच्या वाटेला चिकटलेली असते. जागा सीईटी सेलच्या केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून मिळाली, तर महाडीबीटीवरच्या, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या, योजना लागू होतात. त्याच कॉलेजात, त्याच बाकावर, व्यवस्थापन कोट्यातून आलेल्या मुलीला त्या मिळत नाहीत. अभिमत विद्यापीठं आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनांच्या बाहेर आहेत. त्यांची माहितीपत्रकं सर्वांत गुळगुळीत असतात, हे ओघाने सांगितलेलं बरं.

8 जुलै 2024 रोजी राज्य सरकारने शासन निर्णय काढला. व्यावसायिक अभ्यासक्रमांत कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना, कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. आधी ही सवलत निम्मी होती. खुल्या प्रवर्गातल्या मुलासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, त्यात निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. पण एका कुटुंबातल्या दोनच मुलांना. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख; त्याच्या वर उत्पन्न गेलं तर फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी. राहण्याखाण्याच्या योजना आणखी वेगळ्या: कुणाला पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, कुणाला स्वाधार, कुणाला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. कॅफेवाल्या दादांना ही सगळी नावं पाठ आहेत. महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर ती एका जागी क्वचितच सापडतात.

पैसे उशिरा येतात, हप्ते अडकतात, आणि त्यात काही मुलांचं शिक्षण सुटतं.

(छत्रपती संभाजीनगर. दोन फाटकं.)

एकाच शहरातली ही दोन कॉलेजं पाहा. हे माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय, मराठवाड्यातल्या वकिलांच्या कितीतरी पिढ्या इथून बाहेर पडल्या. इथे यायचं तर राज्याची सीईटी. तिची प्रश्नपत्रिका मराठीतही असते आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. आणि हे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ, 2017 पासून सुरू. इथे यायचं तर क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. क्लॅट फक्त इंग्रजीत, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा, आणि खुल्या प्रवर्गाला नुसत्या अर्जाचे 4000 रुपये.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ही कल्पना मूळची बंगळुरूची. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तिथे माधव मेनन यांनी पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम सुरू केला आणि कायद्याचं शिक्षण पदवीनंतरचा जोडधंदा राहिलं नाही. मोठ्या लॉ फर्म कॅम्पसमध्ये येऊ लागल्या त्या या विद्यापीठांमुळे. तिथे खेड्यातली, गरीब घरांतली मुलं पोचतच नाहीत, हे दिसल्यावर प्राध्यापक शामनाद बशीर यांनी 2010 मध्ये ‘आयडिया’ ही संस्था उभी केली. ती अशा मुलांना शोधते, क्लॅटची तयारी करून घेते, पुढच्या फीसाठी पैसे उभे करते. क्लॅटचा विचार करणाऱ्या गरीब घरातल्या मुलाने हे नाव अकरावीतच लिहून ठेवावं. बारावीनंतर कळलं तर एक वर्ष गेलेलं असतं.

आपल्या मुलीला क्लॅटचं नाव सीईटीच्या केंद्रावर पहिल्यांदा कळलं.

(मूट कोर्ट, कॉलेजातला सरावाचा खटला. काळे कोट, टाळ्या.)

प्लेसमेंटबद्दल एक गोष्ट. माहितीपत्रकात छापतात तो सर्वांत मोठ्या पॅकेजचा आकडा. तो एका मुलाचा असतो. विचारायचं ते असं: तुकडीत मुलं किती होती, नोकरीसाठी नाव नोंदवलं किती जणांनी, त्यातल्या मधल्या मुलाला काय मिळालं, आणि तीन वर्षांमागे पास झालेल्या दहा जणांचे फोन नंबर देता का? शेवटच्या प्रश्नावर कार्यालय अडखळलं, तर उत्तर मिळालं असं समजावं.

(जिल्हा न्यायालय. व्हरांडा. पुकारा.)

पण बहुतेक मुलं फर्ममध्ये जाणारच नाहीत, ती इथे येतील. अकरा वाजताचा हा व्हरांडा. बेलीफ पुकारा करतो आहे. फायलींचा गठ्ठा छातीशी धरून धावणारी ही ज्युनिअर. सीनिअर दुसऱ्या कोर्टात उभे आहेत, म्हणून हिला पासओव्हर मागायचा आहे, म्हणजे प्रकरण थोड्या वेळाने पुकारा अशी विनंती करायची आहे. दुपारी ती टायपिंगवाल्याशेजारी बसून दाव्याचा मसुदा तपासेल, संध्याकाळी सीनिअरच्या ऑफिसात उद्याचा बोर्ड, म्हणजे उद्याच्या प्रकरणांची यादी, काढेल. 1998 पासून राज्यातल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, त्यामुळे सीईटी मराठीत दिलेल्या मुलीला इथे कमीपणा वाटण्याचं कारण नाही. उलट मराठीत नीट मसुदा लिहिणारा ज्युनिअर सीनिअर हातचा सोडत नाहीत. उच्च न्यायालयात मात्र इंग्रजीच.

पैसे? बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेने, ऑक्टोबर 2024 मध्ये सुचवलं की ज्युनिअरला शहरात महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत. सुचवलं, बंधन घातलेलं नाही. इथल्या बाररूममध्ये हा आकडा सांगितला तेव्हा लोक हसले. ते हसणं आम्ही चित्रफितीत तसंच ठेवलं आहे.

सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेणं तरी स्वस्त झालं. 30 जुलै 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की कायद्यात लिहिलेल्या नोंदणी शुल्काहून जास्त घेता येणार नाही: सर्वसाधारण उमेदवाराला 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 125. त्याआधी कितीतरी राज्यांत हेच शुल्क हजारोंच्या घरात गेलं होतं. पुढे 20 मे 2025 ला दुसरा निकाल आला. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेला बसायचं, तर किमान तीन वर्षांची वकिली हवी. म्हणजे जिला न्यायाधीश व्हायचं आहे, तिलाही या व्हरांड्यातूनच जावं लागणार.

तर हिशेब पाच वर्षांचा नाही, आठांचा आहे. कॉलेजात कर्ज झालं नाही, तर पुढची तीन वर्षं कमी पैशांत चांगल्या सीनिअरकडे काढता येतात. कर्ज झालं, तर पहिली मिळेल ती नोकरी धरावी लागते. आमच्या दृष्टीने शिष्यवृत्तीचा खरा उपयोग इथे आहे. ती पदवीपुरती मिळते आणि कामी येते सनदेनंतर.

(जुनी छायाचित्रं. मुंबई.)

याचं एक उदाहरण सगळ्यांना अर्धं माहीत असतं. 1913 मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि त्या शिष्यवृत्तीला अट होती: परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. त्या नोकरीत त्यांना जे भोगावं लागलं, त्यामुळे ती टिकली नाही. बॅरिस्टरी अर्धी राहिलेली. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत दिली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिलं, आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. 1922 ला लंडनच्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाले. मुंबईत वकिली सुरू केली, आणि तरी 1925 ते 1928 बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवत होते, कारण नुसत्या वकिलीवर घर चालत नव्हतं. 1935 मध्ये ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. 1855 पासून चालत आलेल्या या कॉलेजची फी आजही नव्या खासगी कॉलेजांच्या पासंगाला पुरत नाही.

कुणी म्हणेल, साध्या कॉलेजातून सरन्यायाधीश झालेच ना: शरद बोबडे नागपूर विद्यापीठाचे, उदय लळित याच मुंबईच्या सरकारी कॉलेजचे, भूषण गवई अमरावतीचे. खरं आहे. पण बोबडेंचे वडील राज्याचे महाधिवक्ता होते, लळितांचे वडील उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि पुढे ज्येष्ठ वकील, आणि भूषण गवईंचे वडील, रिपब्लिकन नेते रा. सू. गवई, कोण होते हे महाराष्ट्राला सांगावं लागत नाही. कॉलेजची पाटी साधी होती, घर साधं नव्हतं. ज्याच्या घरी आधाराला कुणी नाही, त्याने ही नावं आदराने घ्यावीत आणि कॉलेजला प्रश्न विचारताना बाजूला ठेवावीत. असं कॉलेज बघावं, जिथल्या मुलांना इंटर्नशिपसाठी स्वतः फोन लावून देणारे प्राध्यापक आहेत, जिथून जिल्हा न्यायालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे, जिथे विधी सेवा केंद्र कागदावर नाही.

(पुन्हा सायबर कॅफे. ऑप्शन फॉर्म भरला जातो.)

पहिली पसंती, पुण्याचं आयएलएस. कट-ऑफ पाहता आशा कमी, पण पसंतीक्रमात वर लिहायला पैसे पडत नाहीत, आणि गुण पुरले नाहीत तर प्रणाली खालच्या नावाकडे जाते. दुसरी, मुंबईचं सरकारी कॉलेज. तिसरी संभाजीनगर, तिथे मावशी राहते. एक खासगी कॉलेज वडिलांनी सुचवलं होतं, शेजाऱ्यांचा मुलगा तिथे आहे. मुलीने त्याच्या फीचा तक्ता उघडला, शिक्षण शुल्काखालची ‘इतर शुल्क’ ही ओळ वडिलांना दाखवली. माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची असते, या ओळीची नाही. वडील म्हणाले, राहू दे मग.

फॉर्म सादर झाला. प्रिंट निघाली. वसतिगृहाचा अर्ज वेगळा, त्याचं पोर्टलही वेगळं, तो प्रवेश नक्की झाल्यावर. तोवर एक काम उरलं आहे. शिष्यवृत्तीची रक्कम ज्या खात्यात जाणार, ते आधारशी जोडलेलं हवं. मुलीचं खातं जिल्हा बँकेत आहे, आणि आधारला जोडलेली बँक म्हणून पडद्यावर दुसरंच नाव दिसतं आहे. कॅफेवाले दादा सांगतात, उद्या बँकेत जा, सीडिंगचा फॉर्म भर, पोचपावती घेतल्याशिवाय उठू नको.