रिकामी ट्रॉली

नमस्कार श्रोतेहो.

सुपरमार्केटमधली ट्रॉली एका गिऱ्हाइकाच्या हातात राहते ती फार तर तासभर. एरवी ती रिकामी उभी असते आणि जागा अडवते. गेल्या जवळपास ९० वर्षांत तिच्या रचनेत जे मोठे बदल झाले, त्यातले बरेचसे या रिकाम्या ट्रॉलीपायी झाले आहेत. माल वाहून नेणं तसं सोपं होतं, जाळीची टोपली आणि चार चाकं पुरेशी होती. पण अशा पन्नास ट्रॉल्या दुकानात ठेवायच्या कुठे?

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन यांची किराणा दुकानांची साखळी होती. हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं, हे त्यांच्या लक्षात आलं. घडीच्या खुर्चीवरून त्यांना कल्पना सुचली आणि फ्रेड यंग या कारागिराच्या मदतीने त्यांनी चाकं लावलेला घडीचा सांगाडा बनवला. त्यावर तारेच्या दोन टोपल्या, एक वर आणि एक खाली. १९३७ च्या जूनमध्ये या गाड्या दुकानात आल्या, पण लोक त्यांना हात लावेनात. बायकांना ती बाबागाडी वाटे, पुरुषांना कमीपणा वाटे. शेवटी गोल्डमन यांनी वेगवेगळ्या वयाची माणसं पगारावर ठेवून त्यांना दुकानभर गाड्या ढकलायला लावलं, तेव्हा कुठे लोकांची भीड चेपली.

घडीच्या गाडीची अडचण दुकानाच्या नोकरांना कळायची. प्रत्येक वेळी टोपल्या काढा, एकीवर एक रचा, सांगाडा मिटवून भिंतीला लावा, आणि नवं गिऱ्हाईक आलं की हेच सगळं उलट्या क्रमाने. कॅन्सस सिटीच्या ऑर्ला वॉटसन यांनी १९४६ मध्ये यावर जो तोडगा काढला, तो माझ्या मते ट्रॉलीच्या सगळ्या इतिहासातला सर्वांत हुशार तोडगा आहे. त्यांनी टोपली सांगाड्यावर कायमची बसवली आणि तिची मागची बाजू वरच्या बिजागरीवर झुलती ठेवली. मागून दुसरी ट्रॉली ढकलली की तिचं तोंड ही झडप वर उचलतं आणि ती पुढच्या ट्रॉलीत शिरते, पेल्यात पेला बसावा तशी. त्यासाठी टोपली पुढे अरुंद आणि मागे रुंद हवी, खालच्या सांगाड्यालाही तसाच निमुळता आकार हवा. साधारण एक मीटर लांबीच्या ट्रॉलीमागे अशी आणखी एक सरकवली, की रांग २० ते ३० सेंटीमीटरच वाढते. म्हणजे दहा ट्रॉल्या साधारण सव्वातीन मीटरांत मावतात. या रचनेवरून गोल्डमन आणि वॉटसन यांच्यात पेटंटचा वाद झाला, तो १९४९ मध्ये मिटला आणि पेटंट वॉटसन यांच्याकडे राहिलं.

मुलाची बैठकही याच झडपेला जोडलेली असते. वापरात नसली की ती झडपेला चिकटून मिटते, त्यामुळे रांगेला अडथळा होत नाही. मूल ढकलणाऱ्याकडे तोंड करून बसतं, पाय झडपेतल्या भोकांतून बाहेर येतात. ही बैठक साधारण १५ किलोपर्यंतच्या मुलासाठी असते, नेमका आकडा तिथेच लिहिलेला असतो. मूल उभं राहिलं की भार एकदम वर जातो आणि बाजूला झुकल्यावर ट्रॉली कलंडू शकते. म्हणून पट्टा असेल तर तो लावाच, आणि मुलाला टोपलीत उभं करू नका.

पुढे ट्रॉल्या दुकानाबाहेर गेल्या आणि परत येईनात. मग नाण्याचं कुलूप आलं. नाणं सरकवलं की शेजारच्या ट्रॉलीची साखळी सुटते, साखळी परत खोचली की नाणं बाहेर येतं. वाकलेलं किंवा चुकीच्या जाडीचं नाणं घातलं की तेच खाचेत अडकतं. काही ठिकाणी आवाराच्या कडेने जमिनीखाली तार पुरलेली असते, तिचा संकेत मिळताच चाक आपोआप जाम होतं.

आता चाकांबद्दल, कारण तक्रारी सगळ्यात जास्त त्यांच्याच. पुढचं चाक ज्या उभ्या खिळीवर डावी-उजवीकडे वळतं, त्या खिळीच्या थोडं मागे चाकाची आस असते. या अंतरामुळेच चाक ट्रॉलीच्या मागोमाग आपोआप वळतं. खिळीचं बेअरिंग सैल झालं की तेच चाक वेगात थडथडू लागतं. फूटपाथच्या कडेवर आपटून सांगाडा पिळवटला, तर ट्रॉली तीन चाकांवर उभी राहते आणि चौथं अधांतरी फडफडतं. आसेभोवती केस, दोरे, प्लॅस्टिकच्या पट्ट्या गुंडाळल्या गेल्या की चाक फिरायचं थांबतं, फरफटतं आणि एका बाजूने सपाट झिजतं. मग ते प्रत्येक फेऱ्याला ठकठक करतं, आणि बदलण्यावाचून इलाज नसतो. तपासणी मिनिटाभराची आहे. ट्रॉली पुढून थोडी उचला, चाक बोटाने फिरवा, मग बाजूला हलवून पाहा. फिरताना अडलं तर गुंता कापून काढायचा, हलवताना खुळखुळलं तर नट आवळायचा किंवा बेअरिंग बदलायचं.

सरकत्या उतारावर, म्हणजे मजल्यांमधल्या सरकत्या तिरक्या पट्ट्यावर, चालणाऱ्या ट्रॉलीची चाकं वेगळी असतात, त्यांना खाचा असतात. चाकाच्या कडा पट्ट्याच्या खाचांत उतरतात आणि चाकाशेजारचा रबरी ठोकळा पट्ट्यावर टेकून ट्रॉली जागच्या जागी धरतो. शेवटच्या दातेरी पट्टीवर चाकं पुन्हा वर येतात आणि ट्रॉली मोकळी होते. पट्ट्याच्या मापाची चाकं नसली, किंवा ठोकळा झिजलेला असला, तर पकड बसत नाही आणि भरलेली ट्रॉली उतारावरून घसरते. म्हणून तिथे साधी ट्रॉली नेऊच नये.

अलीकडच्या काही ट्रॉल्यांवर पडदा म्हणजे स्क्रीन, कॅमेरे आणि वजनकाटा बसवलेला असतो, टोपलीत टाकलेल्या वस्तूचं बिल तिथेच होतं. पण बॅटरी आली की चार्जिंग आलं, आणि दररोज एकेक ट्रॉली वायरला जोडणं कुणाला परवडणार? म्हणून एकमेकींत सरकवलेल्या रांगेतच चार्ज होणाऱ्या ट्रॉल्या बनू लागल्या आहेत. त्यांचा पडदा आणि काटा अशा जागी बसवावा लागतो, की मागून येणारी ट्रॉली झडप उचलून आत शिरताना त्यांना धडकणार नाही.