हिमनदीची बेगमी

नमस्कार. दिवसभर तापलेल्या भिंती अजून गरम आहेत, पंखा फिरतोय तो गरम हवाच फिरवतोय, आणि अशा एप्रिलच्या संध्याकाळी तुम्ही सगळे बर्फाबद्दल ऐकायला आलात. विषय मीच सुचवला होता: भर उन्हाळ्यात हिमनदीवर होणारं स्कीइंग. मूठभर लोकांच्या महागड्या हौसेत पुण्याने लक्ष का घालावं, असं एका मैत्रिणीने विचारलंही. तिला जे सांगितलं तेच आज सविस्तर सांगते.

मी स्कीइंग शिकले मनालीला. मे महिन्यात खांद्यावर स्की टाकून आम्ही रोहतांगला जायचो. उंची ३,९७८ मीटर. तिथला बर्फ हंगामी. हिवाळ्यात पडतो, उन्हाळ्यात वितळतो. अलीकडचा बियासला मिळतो, पलीकडचा चंद्रा नदीला. हिमनदीवर मी पहिल्यांदा उभी राहिले ती पुष्कळ वर्षांनी, ऑस्ट्रियातल्या हिंटरटुक्सला, जुलै महिन्यात. तिथे एका शिक्षकाने पायाखालच्या दाणेदार बर्फाकडे बोट दाखवून ‘फिर्न’ असा शब्द वापरला. या जर्मन शब्दाचा मूळ अर्थ आहे ‘मागच्या वर्षीचा’. म्हणजे एक अख्खा उन्हाळा काढून उरलेला बर्फ. आपल्याकडे आकाशातून पडणारा, फ्रीजमध्ये गोठणारा आणि हिमनदीतला, तिन्हींना आपण बर्फच म्हणतो. पण त्या शिक्षकाचं बोलणं ऐकताना मला आपला एक शब्द आठवला, बेगमी.

आत्ता आपल्या घराघरांत तेच चाललंय. गहू वाळवून, निवडून डब्यात भरायचे, पापड-कुरडया घालायच्या, पावसाळ्याची सोय लावायची. आल्प्सची हिमनदीही तेच करते. तिची बेगमी हिवाळ्यात होते, खर्च उन्हाळ्यात. सप्टेंबरअखेर डब्यात जे उरेल ते फिर्न. त्याच्यावर पुढच्या वर्षांचा बर्फ साठतो, दाबला जातो, काही दशकांत त्याचा निळसर, टणक बर्फ होतो आणि स्वतःच्या वजनाने उताराकडे सरकू लागतो. दरवर्षी काहीतरी उरलं, तरच ती नदी. उन्हाळी स्कीइंग चालतं ते त्या वर्षीच्या बेगमीवर. ती संपली की खाली उघडा टणक बर्फ आणि त्यातल्या भेगा. तिथे कुणीही स्की घालून उतरत नाही.

तिथला दिवस फार लवकर सुरू होतो. आकाश निरभ्र असलं की रात्री बर्फ आपली उष्णता वर सोडून देतो आणि पृष्ठभाग गोठतो. सकाळी सातला त्यावर स्कीची कड खरवडल्याचा आवाज येतो. दहाच्या सुमाराला वरचा थर सैल होऊन खडेमिठासारखा दाणेदार होतो, आणि तो तास सगळ्यात सुंदर. दुपारी बाराला त्याची लापशी होते आणि सगळे खाली येतात. मी मात्र एकदा मुद्दाम वर थांबले होते. माणसं गेली, उतारावरून माणसांना वर नेणाऱ्या लिफ्टचा आवाज थांबला आणि पायाखालून पाण्याचा आवाज येऊ लागला. एवढा वेळ तो होताच, आम्हाला ऐकू येत नव्हता. त्या दिवसानंतर मी स्कीइंगकडे पूर्वीसारखं पाहू शकले नाही.

स्पर्धांच्या सरावासाठी स्कीइंगची धावपट्टी जास्त वेळ टणक ठेवायची असेल तर तिच्यावर मीठ टाकतात. ऐकायला उलटं वाटतं. पण लहानपणी पॉटचं आईस्क्रीम ज्यांनी फिरवलंय त्यांना हे माहीत आहे. बर्फात मीठ घातलं की थोडा बर्फ वितळतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. धावपट्टीवर त्यामुळे खालचा ओला थर घट्ट गोठतो. पण ही सोय काही तासांची. रात्रच गोठली नाही, तर मिठाने काही होत नाही.

आणि आता रात्री गोठेनाशा झाल्यात. २०२२च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये बर्फ कमी पडला. वसंतात सहारा वाळवंटातली धूळ उडत आली आणि बर्फावर बसली. उन्हाळ्यात आपण गच्चीला पांढरा रंग देतो, कारण पांढरं ऊन परतवतं. ताजा बर्फ ८० टक्क्यांहून जास्त ऊन परतवतो, मळका बर्फ त्याच्या निम्मंही नाही. मग उष्णतेच्या लाटा आल्या. २५ जुलैला स्वित्झर्लंडमध्ये हवामानाचा फुगा सोडला, तर त्याला शून्य अंश तापमान सापडलं ५,१८४ मीटरवर. माँ ब्लाँची उंची सुमारे ४,८०० मीटर. म्हणजे आल्प्सच्या सर्वोच्च माथ्यावरही हवा गोठणबिंदूच्या वर होती. पुढच्या वर्षी, २०२३च्या ऑगस्टमध्ये, हीच शून्य अंशांची रेषा ५,२९८ मीटरवर गेली.

२०२२च्याच उन्हाळ्यात फ्रान्समधल्या ले दोझाल्पचं स्कीइंग जुलैच्या १० तारखेलाच बंद झालं. ३ जुलैला इटलीत मार्मोलाडाच्या हिमनदीचा एक तुकडा कोसळून ११ जण गेले. जुलै संपता संपता स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटनेही उन्हाळी स्कीइंग थांबवलं. ज्या गावाची केबल कार ३,८८३ मीटरपर्यंत जाते आणि वर्षभर स्कीइंग ही ज्याची ओळख, त्या गावाने. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी २०२२ या एका वर्षात आपल्या आकारमानाचा सुमारे ६ टक्के भाग गमावला, २०२३मध्ये आणखी ४ टक्के. १९६० ते १९९० या तीस वर्षांत जेवढं गेलं होतं, तेवढं दोन वर्षांत.

बोलिव्हियातलं चाकाल्ताया ५,३०० मीटरच्या वर होतं, जगातलं सगळ्यात उंचावरचं स्कीइंगचं ठिकाण म्हणून प्रसिद्ध. तिथली हिमनदी २०१५च्या सुमाराला संपेल असा अंदाज होता. ती २००९मध्येच संपली.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी हिमनदी पांढऱ्या जाड कापडाने झाकतात. इटलीतल्या प्रेझेना हिमनदीवर उन्हाळ्यात लाखभर चौरस मीटर कापड अंथरलं जायचं. झाकल्या जागी वितळणं निम्म्याहून कमी होतं, हे खरं. पण स्वित्झर्लंडमध्ये अशी झाकलेली सगळी जागा मिळून तिथल्या हिमनद्यांच्या क्षेत्राच्या जेमतेम ०.०२ टक्के भरते. त्या कापडाने लिफ्टचा खांब वाचतो, धावपट्टी वाचते. ‘हिमनदी वाचवली’ असं जेव्हा छापून येतं, तेव्हा मला राग येतो.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. उन्हाळी स्कीइंग बंद पडलं म्हणून रडायला मी इथे आलेली नाही. पण तिथे स्कीइंग चालवणारी माणसं वर्षानुवर्षं त्याच उतारावर उभी राहतात. लिफ्टचे खांब बर्फाबरोबर सरकतात म्हणून ते पुन्हा पुन्हा जागेवर आणतात. किती उरलं हे त्यांना पायांनी कळतं. हिमालयात आपल्याकडे अशी रोज पाहणारी माणसं फार थोडी आहेत, आणि तिथलं गणित जास्त नाजूक आहे. हिमाचलातल्या लाहौलसारख्या पश्चिम भागात बेगमी होते हिवाळ्यात, पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळांमुळे. पण नेपाळ आणि पूर्वेकडे ती मुख्यतः होते पावसाळ्यात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पडतो तोच मोसमी पाऊस, तिथे उंचावर बर्फ होऊन पडतो. भरणं आणि खर्च एकाच वेळी. हवा थोडी गरम झाली की तोच बर्फ पाऊस होऊन येतो. म्हणजे बेगमी झाली नाहीच, शिवाय पांढरं पांघरूण न मिळाल्यामुळे उघडा मळका बर्फ ऊन शोषत राहिला. दोन्हीकडून नुकसान. मोसमी पावसाचा अभ्यास ज्या शहरात होतो, त्या पुण्याला हा विषय लांबचा कसा असेल?

लाहौलमध्ये छोटा शिगरी नावाची हिमनदी आहे. २००२पासून तिचा जमाखर्च दरवर्षी मांडला जातोय. पद्धत अगदी साधी. बर्फात खोल भोक पाडून बांबू रोवायचे आणि उन्हाळा संपला की जाऊन बघायचं, बांबू बर्फाबाहेर किती हात वर आला. वरच्या भागात खड्डा खणून पाहायचं, यंदाचा किती उरला. आपण इथे ऑक्टोबरच्या उन्हाने हैराण झालेले असतो, त्या सुमाराला काही मुलं-मुली पाठीवर सामान घेऊन तिथे चढत असतात, थंडीने बोटं वळत नसताना वहीत आकडे लिहीत असतात. तुमच्यापैकी कुणाला भूगोल, भौतिकशास्त्र शिकायचं असेल, डोंगर चढायची सवय असेल, तर व्याख्यान संपल्यावर माझ्याकडे या. अशा मोजणीला जायचं तर अर्जाला काय लागतं, तयारी कशी करायची, ते मी सांगते.