डोंगरातला झरा आटतो तेव्हा नेमकं काय बिघडतं?

नमस्कार.

डोंगराळ भागातल्या पर्यावरणाचा विषय निघाला की हिमनद्या वितळतानाची दृश्यं दाखवली जातात. तो प्रश्न गंभीर आहेच. पण हिमालयाच्या मधल्या पट्ट्यातली बहुतेक गावं हिमनदीचं पाणी पीत नाहीत. नदी खाली खोल दरीत आणि गाव वर उतारावर, अशी तिथली रचना. पिण्याचं पाणी येतं झऱ्यांतून. म्हणून आज मी झऱ्यांबद्दल बोलणार आहे. डोंगरातला विकास टिकाऊ आहे की नाही, हे माझ्या मते आधी झऱ्यावर कळतं.

२०१८ मध्ये नीती आयोगाचा एक अहवाल आला. त्यानुसार भारतीय हिमालयात सुमारे ३० लाख झरे आहेत. त्यांतले जवळजवळ निम्मे आटत चालले आहेत किंवा बारमाही होते ते हंगामी झाले आहेत. झरा आटला की पाणी भरणाऱ्या बायकांची आणि मुलींची पायपीट वाढते. मग शाळा बुडते, गुरं कमी होतात आणि शेवटी घरातलं कुणीतरी गाव सोडतं.

[पडद्यावर: डोंगराचा उभा छेद, तिरके खडकाचे थर]

हे चित्र नीट बघा. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खडकाच्या भेगांमधून खाली उतरत जातं. वाटेत पाणी न झिरपू देणारा थर आडवा आला की ते त्या थरावरून सरकतं आणि उतारावर जिथे वाट मिळेल तिथे बाहेर पडतं. तोच झरा. आता थर तिरके आहेत. त्यामुळे पाणी जिथे मुरतं ती जागा झऱ्याच्या बरोबर वर असेलच असं नाही. ती डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, दुसऱ्याच गावाच्या हद्दीतही असू शकते. झऱ्यापाशी सिमेंटची टाकी बांधली, वर चार झाडं लावली, तरी पाणी का वाढत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

सिक्कीमने हे ओळखलं. तिथे ग्रामीण भागातली सुमारे ८० टक्के घरं झऱ्यांवर अवलंबून आहेत. २००८ मध्ये राज्याने ‘धारा विकास’ हा कार्यक्रम सुरू केला. पुण्याच्या ॲक्वाडॅम या संस्थेतल्या भूजलतज्ज्ञांनी खडक कसे वाचायचे हे स्थानिक कर्मचाऱ्यांना शिकवलं. पाणी नेमकं कुठे मुरतं ते शोधून रोजगार हमीतून तिथे पाणी अडवून मुरवणारे समतल चर खणले गेले आणि कोरड्या महिन्यांतही अनेक झऱ्यांचा प्रवाह वाढला. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की भूगर्भाचं ज्ञान गावातल्या माणसाच्या हाती आलं.

पेरू देशात तर हे ज्ञान इंकांच्याही आधीपासून आहे. अँडीज पर्वतातल्या वामंतांगा गावाचे लोक पावसाळ्यातलं ओढ्याचं पाणी दगडी पाटांनी उतारावर नेतात आणि मुद्दाम जमिनीत मुरवतात. ते खालच्या झऱ्यांत उशिरा येतं, नेमकं पाऊस संपल्यावर. २०१९ मध्ये संशोधकांनी रंगद्रव्य सोडून हा वेळ मोजला. सरासरी ४५ दिवस!

आता बिघाडाकडे वळू. रस्त्यासाठी डोंगर उभा कापला की पाण्याची आतली वाट तुटते, आणि कापलेला राडारोडा उतारावर लोटला की खालचे झरे आणि शेतं गाडली जातात. मी रस्त्याच्या विरोधात नाही. अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला रस्ता हवाच. माझा आक्षेप आहे तो पाणी आतून कुठून वाहतं हे न तपासता डोंगर कापण्याला.

बोगद्यांचं त्याहून अवघड. डिसेंबर २००९ मध्ये उत्तराखंडात जोशीमठजवळ जलविद्युत प्रकल्पाचा बोगदा खणणाऱ्या यंत्राने भूजलाचा साठा फोडला. दिवसाला ६ ते ७ कोटी लिटर पाणी बाहेर वाहत होतं. हे शहर जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलं आहे, जपून बांधकाम करा, असं सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ मध्येच सांगितलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या घरांना मोठमोठ्या भेगा पडल्या आणि कुटुंबं हलवावी लागली. त्या भेगांना एकच कारण नव्हतं. भाराची बांधकामं, सांडपाण्याचा निचरा नसणं, नदीने पायथा कुरतडणं, सगळ्याची चर्चा झाली. पण इशारा ४७ वर्षं कागदावर होता, याचा मला आजही राग येतो.

मग डोंगर सांभाळायचा खर्च कुणी करायचा? वीज खाली जाते, पाणी खाली जातं, तर पैसा खालून वर यायला हवा. पेरूची राजधानी लिमा वाळवंटात आहे. २०१५ पासून तिथल्या पाणीपट्टीतला सुमारे १ टक्का वरच्या पाणलोटासाठी राखला गेला. न्यूयॉर्क शहराने १९९७ च्या करारानुसार कॅट्सकिल डोंगरातल्या शेतकऱ्यांना आणि गावांना पैसे देऊन पाणी स्वच्छ ठेवलं आणि प्रचंड खर्चाचा गाळणी प्रकल्प टाळला. ही डोंगरवासीयांवर मेहेरबानी नाही, त्यांचा हक्क आहे.

[पडद्यावर: बादली, घड्याळ, वही]

एक काम मात्र पैशाविना आजच सुरू होऊ शकतं. प्रकल्पाच्या नकाशावर झरे क्वचितच असतात. त्यामुळे झरा गेला तर तो आधी किती वाहायचा, हे गावाला सिद्ध करता येत नाही. तुम्ही डोंगरात राहत असाल तर महिन्यातून एकदा ठरावीक दिवशी धारेखाली मापाची बादली लावा आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. तारीख, बादलीचं माप, सेकंद, आधीच्या आठवड्यात पाऊस झाला का, एवढं वहीत लिहा. वर्षभर नोंदी ठेवा आणि त्यांची प्रत पंचायतीच्या दप्तरी शिक्का घेऊन जमा करा. वही कशी आखायची, त्याचा नमुना व्हिडिओच्या खाली दिला आहे.