वही फेकली, पण कशासाठी? शाळेतल्या मदतनीसांसाठी वर्तन विश्लेषण

रोजच्या नोंदवहीत हमखास सापडणारं एक वाक्य आहे : ‘आज खूप हट्टीपणा केला.’ या वाक्याचा पुढच्या कामाला काहीच उपयोग होत नाही. हट्टीपणा मोजता येत नाही, आणि दोन माणसं एकाच गोष्टीला हट्ट म्हणतील याची खात्री नाही. त्याऐवजी ‘गणिताची वही समोर ठेवल्यावर ती जमिनीवर फेकली, बाकाखाली चार मिनिटं बसला’ असं लिहा. आता आपण सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलू लागलो.

वर्तन कधी आणि कशामुळे होतं हे पाहून ते बदलायला मदत करणारी शाखा म्हणजे उपयोजित वर्तन विश्लेषण. १९६८ साली डोनाल्ड बेअर, माँट्रोज वुल्फ आणि टॉड रिझली या संशोधकांनी तिची वैशिष्ट्यं मांडली. काम प्रत्यक्ष वर्तनावर हवं, मोजता येणारं हवं आणि त्या माणसाच्या आयुष्यात उपयोगी पडणारं हवं, या त्यातल्या तीन गोष्टी मदतनीसांनी धरून ठेवल्या तरी पुष्कळ झालं.

नोंद तीन रकान्यांत करायची : आधी काय झालं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय झालं. तिसऱ्या रकान्यात गफलत होते. लोक तिथे ‘समज दिली’ एवढंच लिहितात. प्रत्यक्षात वही उचलून कपाटात ठेवली गेली, शेजारची मुलं हसली, बाई जवळ येऊन बसल्या, हे सगळं तिथे यायला हवं. मुलाच्या दृष्टीने परिणाम तोच असतो.

आठवडाभराच्या नोंदी एकत्र पाहिल्या की वर्तनाचं कारण दिसू लागतं. ढोबळमानाने कारणं चार : कोणाचं तरी लक्ष मिळवणं, काम किंवा प्रसंग टाळणं, हवी ती वस्तू मिळवणं, किंवा त्या कृतीतून शरीराला मिळणारी संवेदना. एकाच वर्तनाला दोन कारणंही असू शकतात. मात्र वर्तन अचानक नव्याने सुरू झालं असेल तर आधी दात, कान, पोट, झोप तपासायला सांगा. बद्धकोष्ठ असलेल्या मुलाला स्टिकरचा तक्ता देऊन काय साधणार?

आता वही फेकणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर उभं केलं. आपल्या लेखी ती शिक्षा. पण त्याला गणितच टाळायचं असेल तर आपण त्याला हवं तेच दिलं, आणि उद्या वही आणखी लवकर फेकली जाईल. यालाच ऋण प्रबलन म्हणतात. शिक्षा आणि ऋण प्रबलन यांची गल्लत प्रशिक्षित माणसांचीही होते. धन म्हणजे काहीतरी समोर आलं, ऋण म्हणजे काहीतरी दूर झालं; चांगलं-वाईटाशी त्याचा संबंध नाही. वर्तन पुढे वाढलं तर ते प्रबलन, घटलं तर शिक्षा, मग आपला हेतू काहीही असो. म्हणूनच ‘दुर्लक्ष करा’ हा सल्लाही सरसकट चालत नाही. लक्ष हवं असलेल्या मुलाबाबत त्याला अर्थ आहे. काम टाळणाऱ्याकडे दुर्लक्ष केलं की त्याची सुट्टीच.

मग करायचं काय? तीच गरज भागवणारा दुसरा मार्ग शिकवायचा. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड या संशोधकांनी १९८५ मध्ये हे नीट दाखवून दिलं. टाळाटाळ करणाऱ्या मुलाला ‘ब्रेक’ मागायचं कार्ड द्या. कार्ड बाकावर, हाताशी हवं. ते देणं वही फेकण्यापेक्षा सोपं असलं पाहिजे. सुरुवातीला वही फेकण्याची वाट न पाहता, काम समोर ठेवल्याबरोबर त्याचा हात धरून कार्ड द्यायला लावा आणि लगेच एक-दोन मिनिटांचा ब्रेक टायमर लावून द्या. नंतर तेच काम, हवं तर दहाऐवजी तीन गणितं, पुन्हा समोर. पहिले काही दिवस प्रत्येक वेळी कार्डाला मान द्यायचा. मग ‘अजून एक गणित, मग ब्रेक’ असं हळूहळू ताणायचं. ही योजना बहुधा फसते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ‘आत्ताच तर घेतलास ना ब्रेक!’ या वाक्याने.

जुन्या वर्तनाला फळ मिळणं बंद झालं की ते आधी वाढू शकतं. आवाज चढतो, वहीबरोबर कंपासही उडते. इथे तिसऱ्या दिवशी हार मानली तर मुलाने शिकलेली गोष्ट अशी की जास्त जोर लावला की जमतं. त्यामुळे वर्गशिक्षिका, मावशी आणि घरचे सगळे सारखंच वागणार नसतील तर हा मार्ग सुरूच करू नका. मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल तर नुसतं दुर्लक्ष कधीच नाही. तिथे सुरक्षितता आधी, आणि योजना तज्ज्ञानेच आखायची.

मदत देण्याबद्दल थोडं. सूचना एकदाच द्या, मग तीन ते पाच सेकंद गप्प राहा. हे भयंकर अवघड आहे, आपल्याला. शांतता भरून काढायला आपण ‘घे, घे ना, पेन्सिल घे’ म्हणत राहतो आणि मूल चौथ्या ‘घे’ची वाट पाहायला शिकतं. तोंडी मदत काढून घेणं सर्वांत कठीण, म्हणून शक्य तिथे बोटाने दाखवा किंवा मागून हाताला हलका आधार द्या, आणि तो मनगट, कोपर, खांदा असा कमी करत न्या. मदतीशिवाय केलेल्या कृतीला जास्त दाद द्या. दाद काही सेकंदांत मिळाली पाहिजे. मधे त्याने खुर्ची ढकलली तर दाद खुर्ची ढकलण्याला जाते. बक्षीस म्हणून मुलाचा डबा किंवा पाणी अडवून ठेवणं मात्र चालणार नाही.

या शाखेचा इतिहास स्वच्छ नाही. सुरुवातीच्या काळात ऑटिझम असलेल्या मुलांवर वेदनादायक शिक्षा वापरल्या गेल्या, आणि मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक व्यक्तींनी त्यावर कडक टीका केली आहे. ती टीका ऐकावी. हात फडफडवणं, डुलणं यातून कुणाला इजा होत नसेल तर ते थांबवण्याचं कारण नाही. ‘नजरेला नजर दे’ हेही उद्दिष्ट म्हणून लिहू नका. आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे.

शेवटी मोजमाप. योजना सुरू करण्याआधी तीन ते पाच दिवसांची नोंद हवी, नाहीतर फरक कशाशी ताडणार? वही फेकणं मोजा, बाकाखाली बसण्याची मिनिटं मोजा, सूचनेपासून काम सुरू होईपर्यंतचे सेकंद मोजा. कार्ड किती वेळा दिलं तेही. दिवसभर मोजणं जमत नसेल तर फक्त गणिताचा तास निवडा, पण रोज तोच. वही फेकणं घटलं आणि कार्ड मात्र तासाला पंधरा वेळा येऊ लागलं, तर ब्रेकआधीची गणितं वाढवण्याआधी ती त्याच्या आवाक्यातली आहेत का ते विशेष शिक्षकांकडून तपासून घ्या.